चार पावलांवरचं दार

धुराच्या खोलीत रांगताना स्वप्नालीचा डावा हात भिंतीवरून सुटला आणि दार कुठल्या अंगाला, हेच तिला कळेनासं झालं. अग्निशमन केंद्रातला सराव होता, पण काळोख खरा होता. तेच टेबल तिसऱ्यांदा डोक्याला लागलं. खोली काही केल्या संपेना, श्वास पुरेना. शेवटी हार मानून तिने थांबवण्याची खूण म्हणून फरशीवर हात आपटला.

पंखे लागले, धूर ओसरला. खोली जेमतेम दहा बाय बाराची होती आणि दार तिच्यापासून चार पावलांवर.

बारा वर्षं बंबावर काढलेला तिचा दादा गोदामाच्या आगीत गेला, तेव्हा असाच दाराजवळ सापडला होता. "दार इतकं जवळ होतं, मग त्याला सापडलं कसं नाही गं?" आई अजून रोज विचारते. स्वप्नालीही मनातल्या मनात त्याच्यावर चिडून होती.

"भिंत सुटली की कुणाचंही डोकं फिरतं," सराव घेणारे घोरपडे साहेब म्हणाले. "रोज आत गेलीस की हळूहळू तेच डोकं वाट शोधायला शिकतं. उद्या पुन्हा."

"येते. पण साहेब, एकदा आईला आत नेऊ?" तिने विचारलं. "धूर नको. नुसता अंधार पुरे."