चोवीस बाटल्या

साहेबांचं पेन टेबलावरून घरंगळून तिसऱ्यांदा खाली पडलं.

"टेबलाचा दोष नाही," आत्या म्हणाली. "खालची गोठलेली जमीन वितळून खचलीय. अख्खी खोलीच नदीकडे कललीय. पेन खिशात ठेवा."

नदीकाठच्या या दोन खोल्यांत आत्या सत्तावीस वर्षं पाण्याच्या नोंदी घेत होती. पातळी रोज दोनदा, पाण्याचा नमुना आठवड्याला एकदा. गेली चार वर्षं भाची मदतीला होती. आज मुख्य कचेरीतून साहेब आले होते ते केंद्र बंद केल्याचा हुकूम घेऊन. बाहेर ट्रक उभा होता. बाटली नदीत सोडायचा रहाट, मोजपट्ट्या, थर्मामीटर, सगळं त्यात चढलंही होतं.

"काचेच्या बाटल्या, चोवीस," साहेबांनी यादीतलं शेवटचं वाचलं.

भाची पेटी उचलायला वाकली आणि बाहेर तोफ डागल्यासारखा आवाज झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या. तिघंही दाराशी धावले.

नदीवरचा बर्फ या काठापासून त्या काठापर्यंत तडकला होता. घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत होते आणि मधल्या फटींतून काळपट पाणी उसळत होतं.

"फुटली!" भाची ओरडली.

आत्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "गेल्या वर्षी सगळ्यांत लवकर फुटली होती. ही त्याच्याही एकोणीस दिवस आधी."

ती आत आली आणि बाटल्यांच्या पेटीवर बसली.

साहेबांना आधी वाटलं, बाईंना भोवळ आली. "पाणी देऊ का?"

"पाणी भरपूर आहे. बाटल्या देत नाही मी."

"बाई, हे काय? रहाट दिलात, मोजपट्ट्या दिल्यात..."

"तेव्हा बर्फ फुटला नव्हता. वर्षभरात ही नदी जमिनीतला जेवढा कार्बन समुद्रात नेते, त्यातला निम्मा या दहाबारा दिवसांत जातो. आणि नेमकी तुम्ही आज बाटल्या न्यायला आलात!"

"आता उपग्रहावरून सगळं दिसतं."

"दिसू दे. त्यानं वरून रंग बघावा, मी आत काय विरघळलंय ते बघते. दोघांचं जमेल."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "उठा, बाई."

"नाही उठत."

"मी वर कळवीन."

"खुशाल कळवा. फोनवर मोठ्यानं बोला मात्र, इथून आवाज नीट जात नाही."

भाचीला हसू आवरेना. तोंड फिरवून ती मागच्या अंगणात गेली आणि कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आली. एका टोकाला तिनं लोखंडी वजन आणि बाटली धरणारा तारेचा पिंजरा बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"आत्या, रहाट नाही. हातानंच ओढावं लागेल."

"मग हात काय शोभेला आहेत?"

आता मात्र आत्या उठली. साहेब पुढे सरकायच्या आत तिनं पेटी काखोटीला मारली आणि दोघी नदीवरच्या पुलावर गेल्या. पेटीसाठी साहेबही मागोमाग गेले. बर्फाचे तुकडे खांबांवर आदळत होते. प्रत्येक धडकेला पूल हादरायचा आणि साहेब कठडा घट्ट धरायचे.

भाचीनं दोरी सोडली. आत्या एक डोळा बारीक करून तुकड्यांमधली मोकळी जागा हेरत होती. "आता नाही... थांब... सोड!" बाटली बुडाली. दोघींनी मिळून वर ओढली, तोच पांढरा पहाडासारखा तुकडा त्या जागेवरून गेला. ते पाणी आत्यानं बाटली खंगाळून ओतून दिलं. पुन्हा दोरी, पुन्हा ओतणं. तीनदा असं करून चौथ्यांदा भरलेली बाटली तिनं उजेडात धरली. पाणी कडक काढ्यासारखं तपकिरी होतं.

"गाळ आहे," साहेब म्हणाले.

"गाळ खाली बसतो. हे विरघळलंय. वास घ्या."

साहेबांनी नाक जवळ नेलं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या तळघराचं दार उघडावं तसा वास होता.

"हजारो वर्षं गोठून पडलेली पानं, मुळ्या, शेवाळ," आत्या म्हणाली. "आता सुटलंय सगळं. थोडं समुद्रात जाणार, थोडं हवेत. किती, ते उद्या कुणीतरी विचारेलच. त्यांना या वर्षाचं पान कोरं दाखवू?"

भाचीनं बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिली. दुसरी बाटली पिंजऱ्यात बसवून ती खाली सोडू लागली. दोरीनं तिचे तळवे सोलवटले होते. साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी स्वतःचे हातमोजे काढून तिला दिले आणि खिशातून पेन काढलं.

"असं करतो," ते हळूच म्हणाले, "बाटल्या वाहतुकीत फुटल्या, असं लिहितो. कुणी विचारणार नाही."

"मुळीच नाही!" आत्या गर्रकन वळली. "सत्तावीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही मी. बाई बाटल्या देत नाहीत, असं लिहा. आणि माझं नाव लिहा."

"चौकशी मागे लागेल तुमच्या."

"लागू दे. चौकशीला माणूस आलं, तर दोरी ओढायला हात वाढतील."

साहेबांनी कठड्यावर यादीचा कागद ठेवला, एका हातानं दाबून धरला आणि लिहिलं: दिल्या नाहीत. मग पेन तसंच अधांतरी राहिलं.

"इथं कारणाचा रकाना आहे, बाई. त्यात काय लिहू?"

आत्या नदीवर डोळे लावून उभी होती. दोन तुकड्यांमध्ये पुन्हा फट पडत होती.

"नदी वाहतेय, असं लिहा," ती म्हणाली. "सोड गं!"