बघ्यांनी बोलायचं नाही

करिष्मानं राजा उचलून दोन घरं बाजूला ठेवला. किल्लेकोट पुरा करायला ती हत्तीला हात घालून तो राजाच्या पलीकडे ठेवणार, एवढ्यात समोर बसलेला दिग्विजय म्हणाला, "थांब. तुझ्या राजाला मघाशी शह मिळालाय. आता किल्लेकोट करता येत नाही."

पोरीचा हात पटावरच थबकला.

नांदे गावच्या शाळेत अंतिम सामना चालला होता. गाव आणि नवी सोसायटी यांनी मिळून घेतलेली ही पहिलीच बुद्धिबळ स्पर्धा. एका बाजूच्या बाकांवर सोसायटी बसलेली, दुसऱ्या बाजूला गाव. रजनी दिग्विजयची बायको. पण यायला उशीर झाल्यानं तिला गावाकडच्या बाकावर जागा मिळाली होती. शेजारी करिष्माची आजी, तुकाबाई.

करिष्मानं पंचांकडे पाहिलं. पंच होते सोसायटीतले नरहरीकाका. त्यांनी चष्मा सारखा केला आणि आपणही तसंच ऐकल्याचं सांगितलं. शिवाय राजाला हात लागलाच आहे, तेव्हा तोच हलवावा लागेल, एक घर. हवा तेवढा विचार कर, असंही ते म्हणाले.

नियम तसा नव्हता. लातूरला कॉलेजच्या संघातून रजनी खेळली होती. आत्ता शह नव्हता, करिष्माचा राजा जागचा हलला नव्हता, हत्तीही नाही, मधली घरं मोकळी होती आणि कुणाच्या माऱ्यात नव्हती. किल्लेकोट अगदी बरोबर होता. तोच राजा एक घर सरकला, तर हत्ती कोपऱ्यात अडकणार आणि दिग्विजयचा वजीर आत शिरणार. मग डाव फार चालणार नव्हता.

पण बोलायची सोय नव्हती. सकाळी गावातल्या वाल्मीकला त्याच्या भावानं बाकावरून घोड्याची चाल सुचवली होती आणि नरहरीकाकांनी वाल्मीकला तिथल्या तिथं बाद केलं होतं. बघ्यांपैकी जो बोलेल, त्याच्या माणसाचा डाव गेला. गावानं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं, पण ती माणसं अजून तोंडं आवळून बसली होती.

दिग्विजय लबाडी करत नव्हता, हे रजनीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला तो नियम खराच वाटत होता. मंदीत कंपनीनं काढल्यापासून तो घरी होता, आणि दुपारी दोघं पट मांडून बसत. एकदा तिच्या किल्लेकोटाला त्यानं असंच अडवलं होतं. त्या दिवशी आणखी एका कंपनीचा नकार आला होता. तिनं राजा मागे घेतला आणि ती म्हणाली, असेल बाई तसं. तो डाव त्यानं जिंकला आणि रात्री पोटभर जेवला.

आज तो कितीतरी दिवसांनी ताठ बसला होता. मागच्या बाकावरचे लोक त्याच्या पाठीवर थाप मारायला टपलेले होते.

"बाई," तुकाबाई हळूच म्हणाली, "तुमाला कळतोय का ह्यो खेळ?"

रजनीनं मान डोलावली.

"मग सांगा की. आमची पोर खरंच चुकली व्हय?"

तुकाबाईच्या आवाजात राग नव्हता. चुकली असेल तर चुकली, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. रजनीनं पटाकडे पाहिलं. करिष्मानं ओठ दाबून धरले होते. तिनं राजा जागेवर परत आणला होता; तिची बोटं त्याच्यावर होती आणि तो शेजारच्या घराकडे सरकू लागला होता.

रजनी उभी राहिली.

"काका, शह मिळून गेला तरी किल्लेकोट करता येतो. राजा हललेला नसला आणि आत्ता शह नसला की झालं."

सोसायटीच्या बाकांवरून कुजबुज उठली. नरहरीकाकांनी हात वर करून ती थांबवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"रजनीताई, तुम्ही बोललात."

"मी चाल नाही सांगितली. नियम सांगितला."

"सकाळी आमचा डाव घालवला, तवा कुनी इचारलं व्हतं का?" गावाच्या बाकावरून वाल्मीक म्हणाला. तो उठला नव्हता, पण त्याच्या भोवतीची माणसं उठली होती.

नरहरीकाकांनी चष्मा काढून हातात घेतला. मग सकाळचा न्याय तोच आत्ताचा, असं म्हणून त्यांनी दिग्विजयला बाद केलं आणि करिष्मा जिंकल्याचं जाहीर केलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. करिष्मासुद्धा राजावर बोट ठेवून तशीच बसून होती.

दिग्विजयनं मान वळवून रजनीकडे पाहिलं. तो चिडेल, उठून निघून जाईल, याची तिनं तयारी ठेवली होती.

"घरी का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याला ती नकाराची दुपार आठवली असावी. त्यानं नजर काढून घेतली.

"कर किल्लेकोट," तो करिष्माला म्हणाला.

निकाल लागलाय, आता खेळून काय उपयोग, असं नरहरीकाका समजावू लागले. दिग्विजयनं पटावरून डोळे काढले नाहीत. निकाल राहू दे, मला डाव पुरा करायचाय, एवढंच तो बोलला. करिष्मानं आजीकडे पाहिलं, राजा दोन घरं नेला आणि हत्ती त्याच्या पलीकडे आणून ठेवला.

सोसायटीची माणसं एकेक करून उठली. जाताना रजनीशी कुणी बोललं नाही. ती अजून उभीच होती. तुकाबाईनं सरकून बाकावर जागा केली, तरी तिला बसवेना.

दिग्विजयनं वजिराला हात घातला, आणि मागे न बघता म्हणाला,

"बस. पुन्हा चुकलो, तर तेव्हाच सांग."