तिसरी मुदत

पाण्यातून काढलेला बूट तिने वाकवून पाहिला. सोल पुन्हा सुटला.

"एकोणतिसावी खेप, साहेब," ती म्हणाली.

"असू दे. घाई नको," मालक म्हणाले. "संशोधन चालू आहे असं प्रदूषण खात्याला कळवतो. आणखी सहा महिने देतील."

कारखाना बूट चिकटवायच्या सोल्युशनचा. त्यातल्या, हातापायांच्या नसा मारणाऱ्या एका रसायनावर खात्याने बंदी आणली होती, पण पर्याय सापडेपर्यंत मुदत मिळायची. दोनदा मिळाली होती. तोवर जुनाच माल डब्यांत भरला जात होता आणि भरणाऱ्यांत तिचे बाबा होते. चौदा वर्षं. हल्ली पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे. शर्टाची बटणं आई लावून द्यायची.

"बाबा, सोडा आता ते काम."

"का? चप्पल माझ्यानंतर घरी पोचते म्हणून?" ते हसायचे. "अगं, मालक देवमाणूस. दुसरा असता तर कुलूप ठोकून मोकळा झाला असता. यांनी तुला प्रयोगशाळा दिली. तू शोध, मी थांबतो."

ती हट्टाला पेटली. जेवणाचा डबा न उघडताच घरी परत जाऊ लागला.

तिसरी मुदत संपत आली तेव्हा बाबा कारखान्याच्या जिन्यात कोसळले. त्यानंतर ते पायांवर उभे राहिलेच नाहीत.

पुढच्याच आठवड्यात तिचा बूट तीन दिवस पाण्यात राहिला. पकडीने ओढला तर चामडं फाटलं, जोड सुटला नाही. कागदावर कृती उतरवून ती धावतच मालकांकडे गेली.

त्यांनी कागद सावकाश वाचला. मग कपाटातून एक पिवळा पडलेला कागद काढून शेजारी ठेवला.

"शाब्बास! प्रमाणसुद्धा तंतोतंत जुळलं."

तीच कृती होती. तारीख पंधरा वर्षांपूर्वीची, खाली मालकांची सही.

"हे तुमच्याकडे होतं?"

"नवी यंत्रं घ्यावी लागली असती. नियम नव्हता, तेव्हा कोण घेतो? आता बाहेरचं गिऱ्हाईक हाच माल मागतंय. उद्यापासून करू सुरू."

"मग मला दीड वर्ष शोधायला का लावलंत?"

मालकांनी दोन्ही कागद एकात एक घडी करून ठेवले.

"कुणी शोधताना दिसल्याशिवाय खातं मुदत देत नाही, पोरी."