चांदीचा पाय

दुष्काळात देवगाव रंगारीच्या आप्पानं सगळ्या शेळ्यांना बाजार दाखवला, पण लाडक्या चांदीला खाटकाच्या हाती द्यायला जीव धजेना. तिला त्यानं संभाजीनगरात संशोधन करणाऱ्या लेकीच्या, अक्षदाच्या, हवाली केलं.

अक्षदानं प्रयोगासाठी चांदीच्या पायातलं थोडं हाड काढून तिथं स्वतः बनवलेली प्लास्टिकची जाळी बसवली. जाळीच्या आधारानं नवं हाड भरतं अन् जाळी अंगातच विरघळून जाते म्हणे. आप्पाला सौदा वाईट वाटला नाही. शहरात माणसाला नळाचं पाणी आठवड्यानं, अन् चांदीला रोजच्या रोज! नशीब काढलं होतं शेळीनं.

गावाकडं चारा झाला तसा आप्पा दावं घेऊनच आला. चांदी चारी पायांवर उड्या मारत त्याला येऊन भिडली.

"लई झ्याक जुळलं की गं! नेऊ का आता?"

अक्षदानं मान खाली घातली. "आप्पा, आत किती भरलंय ते हाड कापून बघावं लागतं. चांदीला मारून."

आप्पानं दाराकडं बघत आवाज बारीक केला. "मग लिही ना माय, जुळलंच नाय म्हणून!"



"तरीबी कापतात, आप्पा. का जुळलं नाय, ते बघायला."