फिरतं प्रदर्शन

परळच्या शाळेत लष्करी संग्रहालयाचं प्रदर्शन भरून आठवडा झाला, माणसं आली जेमतेम चाळीस. रोज किती माणसं आली तो आकडा वर कळवायचं काम संग्रहालयाच्या अक्षदाकडे होतं. तेवढ्यात लालबागच्या दुर्गाबाई आल्या. त्यांनीच दिलेली नवऱ्याची काळी ट्रंक काचेआड होती. “पाच दिवस परत दे गो बाय. गणपती तिच्यावरच बसतो आमचा. देताना ध्यानातच आलं नाही.” “आजी, संग्रहालयात आलेली वस्तू घरी जात नाही.” “लढाईवरून माणूस आला नाही, ट्रंकच आली. तेव्हापासून बाप्पाला दुसरं आसन माहीत नाही.” अक्षदाने सुस्कारा सोडला. मग फिरत्या प्रदर्शनाचा फॉर्म ओढून तिने लिहिलं: स्थळ लालबाग, खोली सतरा, मुदत पाच दिवस. “बघायला किती माणसं येतील?” “आरतीला अख्खी चाळ असते. दीडशे तरी.” अक्षदाने आकडा लिहिला. आठवडाभरात पहिल्यांदाच तिला तो फुगवावा लागला नाही.