चोरलेला पान्हा

फटाकडीने पहिलीच लाथ अशी झाडली, की दूध काढायच्या यंत्राचे चारही कप भिंतीवर जाऊन आदळले.

“गाईला कळतं हो,” गोणीवर ऐसपैस बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. “माणसांनाच वेळ लागतो.”

यंत्रवाल्याने घाम पुसला. कर्जाचे कागद घेऊन आलेल्या बँकेच्या बाई बूट सांभाळत मागे सरकल्या.

सासूबाईंची अट सोपी होती. गाई त्यांच्या, गोठा त्यांच्या नावावर, त्यामुळे कर्जाच्या कागदावर सही त्यांचीच लागणार. गोठ्यातली सगळ्यात खाष्ट गाय यंत्राला दूध देईल, तर सही. नाही तर यंत्र आल्या गाडीने परत, आणि मुलगा सोमवारपासून पुन्हा शहरातल्या नोकरीवर.

सून मुलीला कडेवर घेऊन गव्हाणीपाशी उभी होती. मुलीचा हात पंपाच्या वायरकडे वळला, तशी न बघताच ती पाऊलभर सरकली.

“नव्या गाई किती घेणार म्हणालात?” बँकेच्या बाईंनी मुलाला विचारलं.

“आठ.”

“आणि त्यांच्या वैरणीचं?”

त्याने बायकोकडे पाहिलं. “मुरघास,” ती पुटपुटली.

“मुरघास! मका कापून मुरवायचा. आमच्याच रानातला.”

“खड्डा करणार, की पिशव्या भरणार?”

त्याने पुन्हा बायकोकडे पाहिलं.

सगळी आखणी तिची होती. गाईंची निवड, मक्याचा हिशेब, नव्या गोठ्याचा उतार कुठल्या बाजूला, सगळंच. पण सुनेच्या तोंडून निघालेलं कर्जाचं नाव या घरात कोण ऐकून घेणार? म्हणून ती पढवायची आणि तो बोलायचा. महिनाभर हेच चाललं होतं, आणि महिनाभर सासूबाईंचं उत्तर एकच होतं. नाही.

“थांबा, मी धरतो तिला,” मुलगा पुढे झाला. फटाकडीने मान फिरवून नुसतं फुरफुर केलं. तो खांबामागे.

“सशांनाही असाच धरायचा,” सासूबाई म्हणाल्या.

“ससे?” बँकेच्या बाई.

“आधी ससे, मग मधमाश्या, मग अळिंबी. हा आणतो. निस्तरतं दुसरंच कुणीतरी.”

यंत्रवाला नळी गुंडाळायला लागला. “दुसरी एखादी गरीब गाय बघू या का?”

“नाही. हीच.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुनेने मुलगी नवऱ्याच्या हातात कोंबली, बाह्या वर सारल्या आणि फटाकडीच्या कासेपाशी उकिडवी बसली.

“यंत्राची ओढ कमी करा जरा.”

“ताई, ती ठरवलेलीच असते...”

“कमी करा म्हणते ना!”

शेणाने माखलेली शेपटी फाडकन तिच्या गालावर बसली. तिने दंडाने गाल पुसला आणि चक्क हसली. “नाचू नकोस गं बाई, तुझ्यासाठीच चाललंय हे.” पहिला कप लागला. दुसरा. फटाकडीने पाय उचलला. सून जागची हलली नाही. तिसरा. चौथा!

पंप टकटकू लागला. सगळे पारदर्शक नळीकडे बघत राहिले.

नळी कोरडी.

फटाकडीने पान्हा चोरला होता. ती शांतपणे रवंथ करत उभी होती, आणि कास दगडासारखी घट्ट. मुलाने मान खाली घातली. सुनेचे हात मात्र अजून कासेवरच होते. ती सड चाचपत होती, कप नीट बसलेत का पाहत होती, स्वतःशीच काहीतरी बोलत होती.

सासूबाईंना काहीच करायची गरज नव्हती. नुसत्या बसून राहिल्या असत्या, तरी जिंकल्या असत्या.

त्या उठल्या. फटाकडीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, तिच्या शेपटीच्या मुळाशी खसाखसा खाजवलं आणि रोज धार काढताना द्यायच्या त्याच सुरात शिव्या द्यायला लागल्या. “भवाने, चार माणसांत अब्रू घालवतेस होय गं? सोड मुकाट्याने!”

फटाकडीचे कान सैल पडले. नळीत एक पांढरा थेंब आला. मग धार. मग सगळी नळीच पांढरीशुभ्र झाली आणि खालची बादली वाजायला लागली.

मुलगा ओरडला, त्याच्या हातातली मुलगी दचकली आणि मग खिदळायला लागली. टाळ्या वाजवताना बँकेच्या बाईंची फाइल गव्हाणीत पडली. यंत्रवाला तर असा उभा राहिला, जसं काही त्यानेच पान्हा सोडला होता.

“आई, अगं, तूच हरवलंस की स्वतःला!” मुलगा म्हणाला.

सासूबाईंनी बँकेच्या बाईंकडून पेन मागून घेतलं. शेणाने बरबटलेल्या सुनेकडे त्या बघतच राहिल्या.

“महिनाभर मला वाटतंय, हेही खूळ ह्याचंच, आणि निस्तरताना मरणार तू,” त्या म्हणाल्या. “तुझं आहे म्हणायला काय झालं होतं? पहिल्याच दिवशी केली असती सही.”