वरच्या रानातली मेंढरं

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की बुडालेलं जुनं गाव उघडं पडायचं, आणि त्याच्यासोबत बिरोबाचा ओटा. बानाबाई धनगरीण दरसाल मेंढरं घेऊन तिथं यायची, ओट्याला शेंदूर लावायची, दूध वाहायची. यंदा आली तर ओटाच नव्हता. गाळात टरबुजं लावायची म्हणून जमीनवाल्या बद्रीनाथनं ट्रॅक्टर घातला होता. शेंदराचे दगड काठावर ढिगात पडले होते.

बानाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा, बिरू, म्हणाला की जमीनवाल्याशी वैर नको, पुढं जाऊ. त्यात दुपारी बद्रीनाथच मोटारसायकलवरून आला. पाण्याबाहेरच्या त्याच्या वरच्या रानात खतासाठी मेंढरं बसवता का, म्हणून विचारू लागला. तिनं ओट्याचं काढलं तर हसला. वाळूजला कंपनीत जायची घाई होती त्याला.

"दगडच व्हते, मावशी. दुसरे मांडा."

"बसवते मेंढरं," बानाबाई म्हणाली.

ती कबूल कशी झाली ते बिरूला कळेना. दुसऱ्या दिवशी त्याला उमगलं. तिनं मेंढरं गवताकडं वळवलीच नाहीत. दिवसभर येड्या बाभळीखाली ठेवली आणि काठीनं शेंगा झोडून झोडून चारल्या. त्या शेंगांचं बी मेंढराच्या पोटात जिरत नाही, लेंडीतून तसंच पडतं आणि पावसात उगवतं. एकदा त्या काट्यानं मूळ धरलं की खणून निघत नाही, जाळून मरत नाही. म्हणून कुणाच्या रानात बसायचं असलं की धनगर या शेंगांपासून मेंढरं लांब ठेवतात. बापजाद्यांचा रिवाज तो. तिनं तो ठरवून मोडला. बिरूनं हात जोडले, तिनं ऐकलं नाही. तिला बरं वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोला.

दोन राती झाल्यावर सकाळी बद्रीनाथची म्हातारी आई, भागूबाई, रानात आली. लेंड्यांचा थर बघून खूश होऊन जाईल, असं बानाबाईला वाटलं. म्हातारी खाली बसली. एक लेंडी उचलून तिनं बोटांत फोडली आणि आतलं टणक बी तळहातावर घेऊन बघत राहिली.

आता ही लेकाला हाक मारणार, आणि मग माणसा-मेंढरांसकट सगळ्या वाड्यावर काठ्या पडणार, असं बानाबाईला वाटलं.

"माझी पहिली लेक व्हती त्या ओट्याच्या बुडाशी पुरलेली," भागूबाई म्हणाली. "त्याला सांगितलं व्हतं मी. तिथं नांगर घालू नको म्हणलं."

तिनं बी खाली टाकलं, अंगठ्यानं मातीत दाबलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सगळ्या रानावरून नजर फिरवली.

"हिरीकडच्या अंगाला मेंढरं बसल्याली दिसत नाय," ती म्हणाली. "आज राती तिथं बसव."